चिमूटभर लोखंड

४ फेब्रुवारी

वहिनी,

दादाला जाऊन वर्ष उलटलं. तू तिकडे परदेशात, मी इथे, एवढ्या काळात आपण फोनवर मोजक्या वेळा बोललो, आणि दर वेळी आधी तू रडलीस, मग मी रडले, मग कुणीतरी "बरं, ठेवते" म्हणालं. म्हणून आज कागद घेतला आहे. शिवाय हे कामाचं पत्र आहे, तेव्हा डोळे पुसत वाचायची गरज नाही.

तुझा लेख आमच्या साहेबांनी माझ्या टेबलावर आणून टाकला आणि विचारलं, "ही बाई तुमच्यातलीच ना? आडनाव तेच दिसतंय." मी मान ताठ करून हो म्हटलं. तू अजून आमचंच आडनाव लावतेस हे पाहून बरं वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण शाईचं पेन आहे, खोडता येत नाही.

आता मुद्दा. आमच्या कारखान्यात कार्बामेट बनतं, ते पुढे पिकांच्या औषधात जातं. ते बनवायला फॉस्जिन नावाचा विषारी गॅस लागतो. आमचे कामगार त्याला गवतवाली म्हणतात, कारण नुकत्याच कापलेल्या गवतासारखा वास येतो. बाईचा स्वभाव असा, की लागली तर लगेच काही होत नाही. माणूस घरी जातो, हातपाय धुतो, जेवतो, पोरांशी हसतो, आणि काही तासांनी त्याला श्वास पुरत नाही. आता मालकांना या गॅसची साठवणटाकी तिप्पट मोठी करायची आहे, आणि नवी टाकी येणार आहे कामगारांच्या घरांच्या मागे. माझं घर त्याच रांगेत, शेवटून दुसरं. टाकीची जागा म्हणून जिथे चुना टाकलाय तिथे सध्या पोरं चेंडू खेळतात.

मे महिन्याच्या शेवटी सभेत निर्णय आहे. मी साहेबांना सांगून बसले आहे, थांबा, गॅसशिवाय करायची रीत निघाली आहे, आणि ती माझ्या वहिनीने काढली आहे. अमाइन आणि मिथेनॉल एकत्र तापवायचं, चिमूटभर लोखंडाची पूड टाकायची, की युरिया तयार. बाहेर पडतो तो फक्त हायड्रोजन. युरियापासून कार्बामेट एका पायरीवर. असंच लिहिलंयस ना? साहेबांनी मला दहा लिटरची छोटी रिअॅक्टर दिली आहे, तिला आम्ही किटली म्हणतो. किटलीत जमलं तर टाकी टळते. तुझी कृती सविस्तर पाठव आणि पूडही पाठव, म्हणजे आमच्याकडून बनवण्यात घोळ नको.

तुझी वन्सं
(नाव तूच ठेवलंस, आता भोग.)


१५ फेब्रुवारी

वन्संना वहिनीचा कोपरापासून नमस्कार.

तुझं अक्षर लिफाफ्यावर पाहिलं आणि आधी वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. मग आठवलं की आता तसं काही व्हायला उरलेलंच नाही. मग निवांत चहा करून वाचलं. इतकं निवांत की चहा गार झाला.

पूड सोबत पाठवते आहे. बाटली ज्या मोज्यात गुंडाळली आहे तो परत करू नकोस, तुझ्या दादाचा आहे आणि त्याचा जोडीदार कधीच बेपत्ता झालाय. पूड कोरड्या जागी ठेव. कृती मागच्या पानावर आहे. अवघड काही नाही. मिथेनॉल कोरडं हवं, हवा आत शिरता कामा नये, आणि तापमान चढवताना घाई नको. बाहेर जाणारी नळी तेलाच्या बाटलीत सोड. तेलातून बुडबुडे यायला लागले की समज गाडी रुळावर आली, हायड्रोजन सुटतोय. मला तर अजून ते पाहताना गंमत वाटते.

तुला माहीतच आहे, तो याच कामात होता, फक्त त्याचा धातू रुथेनियम, सोन्याच्या पंक्तीत बसणारा. मी लोखंड घेऊन बसले तेव्हा तो म्हणायचा, "भंगारवाल्याशी लग्न केलं असतंस तर संसार आणि संशोधन दोन्ही स्वस्तात झालं असतं." तो गेल्यावर मी त्याचं टेबल मागून घेतलं. खिडकीशेजारचं आहे. जे होतं ते तसंच ठेवून काम करते. लोखंडाने त्याच टेबलावर यावं, ह्यात मला थोडा सूड घेतल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

बाकी माझं बरं चाललंय. खोलीखाली कपडे धुण्याचं दुकान आहे, त्यामुळे जमीन दिवसभर गरम आणि थरथरती असते. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा घर फार स्तब्ध होतं, म्हणून मी रविवारीही प्रयोगशाळेत जाते. आडनावाचं म्हणशील तर बदलायला बरीच धावपळ करावी लागते आणि मला कंटाळा आहे. एवढंच. दुसरं काही मनात आणू नकोस.

पोरांना सांग, चेंडू खेळत राहा.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

बुडबुडे आले नाहीत.

आम्ही सगळे किटलीभोवती उभे होतो. बॉयलरवाला, दोन ऑपरेटर, मी, आणि खुर्ची घेऊन बसलेले साहेब. तेलाच्या बाटलीकडे सगळे असे टक लावून बघत होते, जणू आतून कुणी हाक मारणार आहे. तापमान तू लिहिलंस तसं चढवलं. एक बुडबुडा आला, बॉयलरवाल्याने टाळी वाजवली, पण ती नळीतली हवा होती. मग काही नाही. साहेब आधी घड्याळ बघायला लागले, मग माझ्याकडे. संध्याकाळी नमुना तपासला तर जे टाकलं होतं तेच तसंच्या तसं बाहेर आलं, पूड तळाशी बसलेली.

साहेब वाईट माणूस नाही. "पहिल्या खेपेला होतंच असं," म्हणाले. पण जाताना खुर्ची स्वतः उचलून घेऊन गेले, म्हणजे पुन्हा येऊन बसायचा विचार नसावा.

आमचं कुठे चुकलं ते लगेच कळव. रांगेतल्या बायकांनी नळावर मला विचारलं, "ताई, टाकी येणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही येत." मी असं का म्हणाले मलाही कळलं नाही, पण म्हणून बसले.

वन्सं


१८ मार्च

प्रिय वन्सं,

घाबरू नकोस. तुझं पत्र आल्याबरोबर मी प्रयोग पुन्हा लावला. बुडबुडे आले, नेहमीसारखे, भरभर. म्हणजे रीत बरोबर आहे. तुमच्या मिथेनॉलमध्ये पाणी असणार. कारखान्याचं मिथेनॉल आणि कोरडं, हे जमणं अवघड. पुन्हा सुकवा, आणि किटलीचे सांधे तपासा.

आमच्या इथेही एक गंमत झाली. शेजारच्या टेबलावर नवी मुलगी आली आहे, हुशार आहे, मान वर न करता काम करते. तिने माझी रीत करून पाहिली तर तिला एक बुडबुडा मिळाला नाही. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, स्वयंपाकात हाताला चव असते तशी यांच्या हाताला आहे. मीही हसले. बिचारी मुलगी हिरमुसली. मी तिला म्हटलं, जमेल हळूहळू.

इथे अजून थंडी आहे. मी त्याचा जाड कोट घालते. तो मला गुडघ्यापर्यंत येतो आणि खिशात हात घातला की कोपर गायब होतं.

तुझी
वहिनी


४ एप्रिल

वहिनी,

मिथेनॉल सुकवलं. दोनदा सुकवलं. किटली उघडून सगळे सांधे नवे टाकले. लोखंडाची पूड दुप्पट टाकून पाहिली. काही होत नाही. आतला पंखा फिरतो, पूड फिरते, सगळं फिरतं आणि तेलाची बाटली ढिम्म. ऑपरेटर आता तिच्याकडे बघतही नाहीत, पाठ करून डबे खातात.

मला एकच मार्ग दिसतो. तू ये. आठ दिवस ये. ती चव का काय ते असलेला हात घेऊन ये आणि किटलीत स्वतः घाल. माझं घर दोन खोल्यांचं आहे, एक मला लागते, दुसरीचं मी काय करते ते मलाच माहीत नाही, तिथे एक खाट आणि दादाची सायकल आहे. तू खाटेवर झोप. आपण बोललो नाही तरी चालेल. संध्याकाळी घरात कुणीतरी भांडं आपटल्याचा आवाज आला तरी पुष्कळ.

खर्च कारखाना देईल, साहेबांना विचारलं आहे. ते म्हणाले, "बोलवा, एकदाचा काय तो निकाल लागू दे." सभा मे महिन्याच्या शेवटी आहे, विसरू नकोस.

वन्सं


१२ एप्रिल

प्रिय वन्सं,

येणं जमेल असं वाटत नाही. इथे कामाचा फार रेटा आहे. मिथेनॉल दुसऱ्या ठिकाणाहून मागवून पाहा.

तब्येतीची काळजी घे.

वहिनी


२९ एप्रिल

वहिनी,

एवढंसं पत्र! आमच्या स्टोअरवाल्याने टंचाई कळवताना याहून जास्त लिहिलं असतं.

तू काहीतरी लपवते आहेस. मी मूर्ख नाही. रीत तुझ्याकडे चालते, माझ्याकडे चालत नाही, शेजारच्या मुलीकडेही चालत नाही, आणि तू म्हणतेस पाणी. किती दिवस पाणी पाजणार आहेस मला? मला वाटतं कृतीतली एक गोष्ट तू मुद्दाम लिहिली नाहीस. मोठ्या कुणाला विकायची असेल. विक. तुझी मेहनत आहे. पण मग मला स्पष्ट सांगायचं होतंस, मी इथे तुझ्या नावावर उड्या मारल्या नसत्या. टाकीच्या खड्ड्याचं काम सुरू झालंय. पोरं आता रस्त्यावर खेळतात आणि मी घरी मागच्या दाराने जाते, नळाजवळून जायला नको म्हणून.

दादा असेपर्यंत तू आमची होतीस. तो गेला, संपलं. आडनावाचं काय, तू म्हणालीसच, कंटाळा आहे म्हणून ठेवलंस. मीच उगाच नातं जोडायला निघाले होते.

याला उत्तर नाही दिलंस तरी चालेल.


१४ मे

वन्सं,

उत्तर देते आहे. पूर्ण वाच, मधेच फाडू नकोस.

प्रयोगशाळेत द्रव ढवळायला आम्ही एक छोटं मॅग्नेट टाकतो. बोटाच्या पेराएवढी कांडी, वरून पांढरं टेफ्लॉनचं आवरण. भांड्याखाली यंत्र फिरतं, आत ही कांडी फिरते. तुमच्या किटलीत पंखा आहे, म्हणून तुझ्या डोळ्यासमोर ती कधी आली नाही, आणि कृतीत ती कुणीच लिहीत नाही. घरी चमचा कोणता घेतला ते आपण लिहितो का?

मी वापरत होते ती कांडी तुझ्या दादाची होती. त्याच्या टेबलाच्या खणात सापडली. इतकी वर्षं वापरून पांढऱ्याची करडी झालेली, एका टोकाला चरे पडलेली. मी ती रोज प्रयोगात टाकायचे आणि संध्याकाळी धुऊन कोटाच्या खिशात घालून घरी न्यायचे. का न्यायचे म्हणून विचारू नकोस. खिशात हात घातला की काहीतरी हाताला लागायचं, एवढंच.

मार्चच्या शेवटी मला ताप आला. चार-पाच दिवस खोलीत पडून होते. त्या दिवसांत शेजारच्या मुलीने माझ्याच टेबलावर, माझ्याच भांड्यात, माझीच पूड घेऊन प्रयोग लावला. काही झालं नाही. मी बरी होऊन गेले, तिच्यासमोर सगळं पुन्हा लावलं, खिशातून कांडी काढून आत टाकली, आणि बुडबुडे आले. ती माझ्या हाताकडे बघत होती. मी कांडीकडे. मला त्याच क्षणी कळलं, वन्सं. तू पत्र लिहून बोलावलंस तेव्हा मला कळलेलं होतं. तरी मी तुला मिथेनॉल बदलायला सांगितलं.

कारण खात्री करायची म्हणजे काय करावं लागणार हे मला माहीत होतं. मी ते टाळत होते. रोज सकाळी ठरवायचे, आज करू, आणि रोज नवीन मिथेनॉलचं झाकण उघडायचे. मधल्या काळात तू किटलीशी झुंजत होतीस आणि माझ्यापायी लोकांची बोलणी खात होतीस. मग तुझं ते रागाचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी गेले, नवं कोरं भांडं घेतलं, अमाइन घातलं, मिथेनॉल घातलं. लोखंडाची पूड घातलीच नाही. नुसती ती कांडी टाकली आणि तापवलं.

बुडबुडे आले.

आधी एकेक, मग भरभर. मी स्टूल ओढून बसले. चिमूटभर लोखंड, चिमूटभर लोखंड म्हणून मी लेखात लिहिलं, लोकांसमोर उभी राहून बोलले, आणि लोखंडाने कधी काडीचं काम केलेलं नव्हतं. टेफ्लॉनच्या चऱ्यांत त्याचं रुथेनियम अडकून बसलेलं होतं, डोळ्याला न दिसणारं. इतके महिने तेच सगळं करत होतं. मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अरे, तू आहेस होय." आणि मी बुडबुडे थांबेपर्यंत तिथून उठले नाही. खूप दिवसांनी मला कुणीतरी घरी असल्यासारखं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मग ती तपासायला दिली. आत किती धातू आहे हे बघायला कांडी कापावी लागते आणि तुकडे आम्लात विरघळवावे लागतात. परत काही मिळत नाही. मी सही करून दिली. उत्तर आलं: रुथेनियम. मी संचालकांना सांगितलं, लेख मागे घेत असल्याचं कळवलं. शेजारच्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली. तिचा हात चांगला आहे, माझाच खोटा निघाला.

रुथेनियमने रीत चालते, हे खरं आहे. पण ते महाग, कारखान्याच्या कच्च्या मालात लवकर निकामी होतं, आणि कांडीत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त घातल्याशिवाय किटलीत काही होणार नाही. नीट करायला पाच वर्षं लागतील, तीही कुणी दिली तर. तुझी सभा या महिन्याच्या शेवटी आहे. तुझ्या हातात द्यायला माझ्याकडे काही नाही. सभेत माझ्या भरवशावर उभी राहू नकोस.

विकायला मी काही ठेवलं नव्हतं, वन्सं. लपवलं ते वेगळंच होतं.

वहिनी


१ जून

वहिनी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा संताप आला. एवढे आठवडे तू मला नाचवलंस, हे मी सहज विसरणार नाही, हे आधी लिहून ठेवते.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा, काय सांगू, हसू फुटलं. एकटीच खाटेवर बसून हसले. अगं, त्याने आयुष्यात एक भांडं कधी धड घासलं नाही! लहानपणी पाळी लावलेली असायची, एक दिवस तो, एक दिवस मी. त्याच्या दिवशी आई सगळी भांडी गुपचूप पुन्हा घासायची. "पोराने केलं ना, पुष्कळ झालं," म्हणायची, आणि मी चिडून लाल व्हायचे. आता बघ, त्याच्या त्या आळशीपणावर तू एक अख्खा लेख छापलास. हे त्याला कळलं असतं तर वर्षभर आपल्याला जगू दिलं नसतं त्याने.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कांडी कापल्याच्या ओळीवर थांबले. पुढचं थोड्या वेळाने वाचलं.

आता सभेचं सांगते. सभेच्या आधी साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "लेख अजून छापलेला आहे ना? मागे घेतल्याची बातमी इथपर्यंत यायला वेळ लागेल. तुम्ही तेवढं दाखवून सहा महिने मागा, मी हो म्हणायला लावतो." मदतच करत होते बिचारे. सहा महिने म्हणजे थंडी पडेपर्यंत टाकी नाही. मी बाहेर व्हरांड्यात उभी राहून खूप विचार केला. खड्डा तिथून दिसतो. खोटं बोलायचं आणि पोरांना सहा महिने द्यायचे. पण सहा महिन्यांनी काय, पुन्हा दुसरं खोटं? शिवाय तू तुझ्या हाताने ती कांडी कापायला दिलीस आणि मी इथे त्याच कागदाची पुंगी वाजवू? नाही झालं माझ्याच्याने. आत जाऊन सांगितलं, रीत चालत नाही, का चालत नाही तेही सांगितलं. कुणाच्या मॅग्नेटची गोष्ट आहे ते नाही सांगितलं. ते आपल्या घरातलं.

टाकी मंजूर झाली. माझा विरोध लिहून घ्या म्हटलं, तो लिहून घेतला. मग साहेब म्हणाले, नव्या टाकीची जबाबदारी कुणाकडे द्यायची, तर जिला तिची सगळ्यात जास्त भीती वाटते तिच्याकडेच द्या. सगळे हसले. मी हो म्हटलं. हसण्यावारी नाही, खरंच हो म्हटलं. दुसरा कुणी असता तर वर्षभरात सवय होऊन बेफिकीर झाला असता. मला सवय होणार नाही, मी स्वतःला ओळखते. नवी टाकी उभी राहीपर्यंत जुन्या टाकीवर, या महिन्याच्या मध्यानंतर माझी पाळी सुरू. कॉलरला एक कागदी बिल्ला लावायचा असतो, गॅस लागला तर त्याचा रंग बदलतो. तो लावून सराव सुरू केलाय. रांगेतल्या बायका अजून बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे, मी त्यांना नाही येत म्हणाले होते.

मागच्या पत्रात मी तुला आमची नाहीस म्हटलं. ते रागात म्हटलं, पण म्हटलं. ते परत घेते. एक मात्र मनात येतं, वहिनी. आता आपल्या दोघींत ना दादा उरला, ना किटली, ना तुझी पूड. मला पत्र लिहायला तुझ्याकडे काही कारण उरलेलं नाही. हे पत्र पाकिटात घालताना त्याचीच भीती वाटते आहे, टाकीची नाही.

वन्सं


९ जून

वन्सं,

कारण आहे. नसतं तर शोधून काढलं असतं, पण तूच पाठवलंस. तुझ्या कॉलरवरचा तो बिल्ला.

तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, माणूस घरी जातो, जेवतो, आणि मग काही तासांनी. मी ते वाचलं होतं तेव्हा तो कुणीतरी माणूस होता. आता तू आहेस. काल संध्याकाळी जिना चढताना हे डोक्यात आलं आणि मी मधल्याच पायरीवर बसले. दुकानाची यंत्रं खाली धडधडत होती. तुझी पाळी किती वाजता संपते हेही मला माहीत नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

मी रुथेनियमचं काम पहिल्यापासून सुरू केलंय. या वेळी खरं. शेजारची मुलगी सोबत आहे, दर प्रयोग ती वेगळा करते, मी वेगळा, आणि दोघींना आलं तरच लिहायचं असं ठरलंय. पाच वर्षं म्हटलं होतं, बघू. तोवर तू तिथे उभी राहणार, तर माझी एक अट आहे, आणि वहिनी म्हणून घालते आहे, नाकारायची नाही.

लग्नानंतर इतकी वर्षं माझी संध्याकाळ तो घरी कधी येतो ह्या एकाच गोष्टीवर चालायची. उशीर झाला की चिडायचे, कुलपाचा आवाज आला की चिडणं विसरायचे. आता कुणी कुठून यायचंच नाही. संध्याकाळ होते आणि मला कुणाची काळजीच करायची नसते. याचं मला किती ओझं होतं हे तुला पत्र लिहायला लागेपर्यंत कळलं नव्हतं. तर अट अशी: पाळी संपवून घरी गेलीस की रोज एक कार्ड टाक. बाकी काही लिहू नकोस, पोचले एवढंच. कार्ड इथे येईपर्यंत तुझ्या पुढच्या कितीतरी पाळ्या होऊन गेलेल्या असतील आणि त्या कार्डाला तसा काही अर्थ नसेल, हे मला कळतं. तरी टाक.

आणि ती खाट तशीच राहू दे. ऑगस्टमध्ये मला रजा आहे.

वहिनी


१९ जून

वहिनी,

आज पहिली पाळी झाली. पोचले.

हात धुतले आणि जेवायच्या आधी हे लिहायला बसले. बिल्ला उशाशी ठेवलाय, पांढराच आहे.

तू एवढंच लिहायला सांगितलंस, पण कार्डावर जागा उरली आहे म्हणून विचारते. तूही रोज कुठूनतरी निघून त्या खोलीवर एकटीच येत असशील, आणि कुणाला सांगत नसशील. आजपासून मला सांग. तू पोचलीस का?